गडावरील तळ्याकाठचा तंबूमुक्काम

गडावरील तळ्याकाठचा तंबूमुक्काम हा सह्याद्रीतील दुर्गभ्रमणाचा एक प्रकार होय. डोंगरमाथ्यावरील तळे, तलाव, पुष्करणी किंवा खोदीव टाके यांच्या आसऱ्याने, वीज, नळ, स्वच्छतागृह अशा सोयींवाचून, स्वतः वाहून नेलेल्या तंबूत एक वा अधिक रात्री राहणे असे याचे स्वरूप असते. धरणांच्या जलाशयांकाठी भाड्याचे तंबू, जेवण व करमणूक पुरविणारी जी व्यावसायिक तंबूनिवासे अलीकडे उभी राहिली आहेत, त्यांहून हा प्रकार वेगळा आहे. तेथे पाणी बाहेरून आणता येते. गडमाथ्यावर मात्र मुक्कामी मंडळी, गडावर राहणारी माणसे, गुरे आणि वन्य प्राणी ही सर्व एकाच साठ्यावर अवलंबून असतात. हा साठा पावसाळ्यात एकदाच भरतो. त्यामुळे या मुक्कामाचे बहुतेक संकेत पाण्याच्या रक्षणाशी निगडित आहेत.

संज्ञा

मराठीत तात्पुरत्या निवाऱ्यासाठी अनेक शब्द रूढ आहेत. ‘तंबू’ हा सर्वसाधारण शब्द असून ‘राहुटी’ म्हणजे लहान, उतरत्या कडांचा तंबू. भटक्या लोकांच्या कापडी निवाऱ्यास ‘पाल’ म्हणतात. ‘डेरा’, ‘गोट’ व ‘छावणी’ हे शब्द प्रामुख्याने लष्करी वापरातील आहेत. तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्यांना ‘तणावे’ आणि त्या जमिनीत अडकविणाऱ्या खुंट्यांना ‘मेखा’ असे म्हणतात.

पाणवठ्यांचीही वेगवेगळी नावे आहेत. खडकात खोदलेला हौद म्हणजे ‘टाके’; खडक आत कोरून छताला खांबांचा आधार ठेवला असेल तर ते ‘खांबटाके’. मंदिराजवळील बांधीव, पायऱ्यांचे जलाशय ‘पुष्करणी’ किंवा ‘कुंड’ म्हणून ओळखले जातात. नैसर्गिक खोलगट भागात बांध घालून अडविलेल्या पाण्यास ‘तळे’ वा ‘तलाव’ म्हणतात. हा भेद केवळ शाब्दिक नाही. सामान्यतः टाक्यांचे पाणी पिण्यासाठी, तर उघड्या तलावाचे पाणी इतर वापरासाठी, अशी विभागणी अनेक गडांवर आढळते.

इतिहास

डोंगरवाटेवर पाण्याजवळ मुक्काम करण्याची सोय महाराष्ट्रात सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहे. जुन्नर व कोकण यांना जोडणाऱ्या नाणेघाटात सातवाहन काळातील लेणे असून तेथे राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. घाटाच्या परिसरात खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. मुंबईजवळील कान्हेरी लेण्यांतील दानलेखांत पाण्याच्या टाक्यासाठी ‘पोढी’ हा प्राकृत शब्द येतो. वाटसरू व भिक्षू यांच्यासाठी टाके खोदून देणे हे पुण्यकर्म मानले जात असे.

मध्ययुगात गडाची उपयुक्तता पाण्यावर ठरू लागली. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आणि इ.स. १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथातील दुर्गविषयक प्रकरणात याचे सविस्तर विवेचन आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि जागा सोडण्याजोगी नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, केवळ एका झऱ्यावर विसंबू नये, आणि साठविलेले पाणी जपून ठेवावे, असा त्यातील आशय आहे. गडावरील वाटांवर केरकचरा पडू न देता तो जागोजागी जाळावा व त्याची राख परसातील भाजीपाल्यासाठी वापरावी, असेही तेथे सांगितले आहे. पाणी आणि कचरा यांसंबंधीचे आजच्या गिर्यारोहकांचे संकेत या जुन्या दुर्गव्यवस्थेशी बरेच मिळतेजुळते आहेत.

विसाव्या शतकात गडकोट पाहण्याची हौस मध्यमवर्गात रुजली. गो. नी. दांडेकर यांच्या ‘दुर्गभ्रमणगाथा’ यांसारख्या लेखनाने तिला मोठी चालना मिळाली. आरंभीच्या काळात मुक्काम बहुधा गडावरील मंदिरात, गुहेत किंवा पडक्या वाड्यात होत असे. वजनाने हलके नायलॉन व पॉलिएस्टरचे तंबू सहज मिळू लागल्यावर उघड्या पठारावर, विशेषतः तळ्याकाठी, तंबू ठोकण्याचे प्रमाण वाढले. मंदिराच्या ओवरीत मावतील तितकीच माणसे राहू शकत. तंबूंमुळे ही मर्यादा उरली नाही.

भूरचना आणि पाणी

सह्याद्रीचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो बनला असल्यामुळे डोंगरांना पायऱ्यांसारखी रचना आणि सपाट माथे लाभले आहेत. यांतील काही थर कठीण व अभेद्य, तर काही सच्छिद्र व भेगाळलेले असतात. भेगांतून झिरपलेले पाणी खालच्या अभेद्य थरापाशी अडते व कड्याच्या पोटात पाझरते. जुन्या टाकेखोदकांना या रचनेची उत्तम जाण होती, असे त्यांनी निवडलेल्या जागांवरून दिसते.

घाटमाथ्यावर पाऊस विपुल असला, तरी त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि तीव्र उतारांमुळे वाहून जातो. उरलेले आठ महिने टाके किंवा तळे म्हणजे वाहता प्रवाह नव्हे, तर बंद साठा असतो. नदीत पडलेली घाण पुढे वाहत जाते वा विरळ होते; टाक्यात पडलेली घाण पुढच्या पावसापर्यंत तेथेच राहते. पाणी आटत जाते तसतशी ती अधिक दाट होते.

उदाहरणादाखल १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी २ मीटर खोल असे टाके घेतल्यास त्यात १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर पाणी मावते. ५० जणांच्या मुक्कामास पिणे व स्वयंपाक यांसाठी माणशी ४ लिटरप्रमाणे रात्रीला २०० लिटर पाणी लागेल. हंगामातील ३० शनिवारी असा मुक्काम झाला तरी एकूण वापर ६,००० लिटर, म्हणजे साठ्याच्या ६ टक्के भरतो. मात्र भांडी, आंघोळ व कपडे यांसाठी हाच वापर माणशी २० लिटरवर गेला, तर तो ३०,००० लिटर, म्हणजे साठ्याच्या जवळजवळ एक-तृतीयांश होतो. उन्हाने होणारी वाफ त्याहून निराळी. यावरून असे दिसते की, टाक्यास धोका तहानेपासून नसून धुण्यापासून व पाणी नासण्यापासून आहे. खांबटाक्यांतील पाणी सावलीत राहत असल्याने त्याची वाफ कमी होते आणि शेवाळही कमी धरते.

मुक्कामाच्या जागेची निवड

तंबू पाण्याच्या अगदी काठाशी ठोकू नये, हा या प्रकारातील पहिला संकेत आहे. निसर्गात मागे खूण न ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनुसार मुक्काम पाण्यापासून किमान २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर दूर असावा. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅडिराँडॅक पर्वतात अनेक डोंगरी तळी असून तेथील सरकारी वनभूमीवर, खास आखून दिलेल्या जागा वगळता, पाणी, रस्ता वा पायवाट यांपासून १५० फुटांच्या आत तंबू ठोकण्यास मनाई आहे. सह्याद्रीतील माथे अरुंद असल्याने हे अंतर नेहमीच मिळत नाही. अशा वेळी निदान पाण्याच्या वरच्या अंगाला तंबू, चूल वा शौचाची जागा असू नये, असा संकेत पाळला जातो. कारण पावसाचे पाणी उताराने तळ्याकडेच येते.

अंतर राखण्यामागे मुक्कामी माणसांच्या सोयीचाही विचार आहे. रात्री थंड हवा जड होऊन खोलगट भागात साचते. त्यामुळे हिवाळ्यात तळ्याकाठी आसपासच्या उंचवट्यापेक्षा अधिक थंडी जाणवते, दहिवर जास्त पडते आणि तंबूचे कापड आतून ओले होते. थोड्या उंच, वाऱ्याच्या आडोशाच्या जागी मुक्काम अधिक कोरडा व उबदार राहतो. याशिवाय रात्री पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाट मोकळी राहते.

कड्याच्या धारेजवळ तंबू ठोकणे धोक्याचे असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी दरीतून वर येणारा वारा अतिशय जोरकस असतो, आणि अंधारात तंबूबाहेर पडलेल्या माणसास कडा व पठार यांतील सीमा दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या वादळात विजेचाही धोका असतो. तशा वेळी उघडा माथा, एकटे झाड व पाण्याचा काठ ही तिन्ही ठिकाणे टाळावी लागतात.

साधने

बेसाल्टच्या पठारावर मातीचा थर बहुधा पातळ असतो. मेख काही बोटे जाऊन खडकाला अडते. म्हणून तणावे मोठ्या दगडांना बांधतात किंवा दगडांनी भरलेल्या पिशव्यांचा आधार घेतात. मात्र यासाठी तटबंदी, जोती, वीरगळ किंवा समाध्यांचे दगड वापरणे अयोग्य व संरक्षित स्थळी बेकायदेशीर आहे. वापर झाल्यावर दगड मूळ जागी ठेवण्याचा संकेत आहे. तंबूभोवती चर खोदण्याची जुनी पद्धत धूप वाढविणारी असल्यामुळे आता त्याज्य मानली जाते.

तळाला शिवलेले जाड कापड, जाळीचे दार व पूर्ण बंद होणारी साखळी असलेला तंबू सह्याद्रीत विशेष उपयोगी ठरतो. मण्यार हा विषारी साप निशाचर असून जमिनीवर झोपलेल्या माणसांना तो चावल्याच्या घटना घडतात. त्याच्या दंशाची वेदना फारशी जाणवत नसल्याने उपचारास उशीर होतो. फुरसे दगडांखाली आढळते. म्हणून तणाव्यांसाठी दगड उचलताना काळजी घेणे आवश्यक असते. सर्पदंश झाल्यास जखम कापणे वा चोखणे टाळून, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपाय होय. महाराष्ट्रात यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. परंतु गडावरून रुग्ण पायथ्याशी आणण्यास लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा लागतो.

पिण्याचे पाणी

टाक्यातील पाणी थंड व निवळ दिसले तरी ते निर्जंतुक असेलच असे नाही. पाणी फडक्याने गाळून नंतर खळखळून उकळल्यास रोगजंतू नष्ट होतात. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. या उंचीपर्यंत पाणी एक मिनिट खळखळून उकळणे पुरेसे ठरते. इंधन कमी असल्यास क्लोरीनच्या गोळ्या वापरतात. त्या टाकल्यावर सुमारे अर्धा तास थांबावे लागते.

पिण्याच्या टाक्यात पाय घालू नये, हा ग्रामीण भागातील जुना दंडक आहे. त्याला आरोग्यशास्त्राचा भक्कम आधार आहे. नारू या रोगाचा प्रसार नेमका याच मार्गाने होत असे. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की त्याच्या जखमेतून कृमीच्या अळ्या पाण्यात पडत, पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीव त्या गिळत, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्यांना पुढे नारू होई. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. यासाठी औषध वा लस नव्हती. पाणी गाळून पिणे, पाण्यात न उतरणे आणि सुरक्षित पाणीपुरवठा या उपायांनीच हे साध्य झाले. नारू गेला तरी अतिसार, विषमज्वर व कावीळ यांचा प्रसार दूषित पाण्यातून आजही होतो.

स्वच्छतेचे संकेत

तळ्याकाठच्या मुक्कामात पुढील संकेत सर्वसाधारणपणे मान्य आहेत :

• पाणी भांड्याने काढून दूर नेऊन वापरावे. भांडी, तोंड व कपडे थेट साठ्यात धुऊ नयेत.
• साबण पाण्यात जाऊ देऊ नये. ‘निसर्गस्नेही’ साबणाचे विघटनही मातीत होते. साठलेल्या पाण्यात तो प्रदूषकच ठरतो. भांड्यांसाठी राख किंवा माती पुरेशी असते.
• शौचासाठी पाणी, वाट व मुक्काम यांपासून किमान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो बुजवावा. जेथे खडकामुळे खड्डा शक्य नसतो तेथे मोठ्या गटाने मुक्कामच टाळणे श्रेयस्कर मानले जाते.
• उरलेले अन्न तळ्यात वा कड्यावरून टाकू नये. त्यामुळे पाणी कुजते आणि माकडे व कुत्री मुक्कामाच्या जागी येऊ लागतात.
• प्लॅस्टिक, बाटल्या व सेल खाली परत न्यावेत.

परिसर आणि वन्यजीव

कोरड्या हंगामात डोंगरमाथ्यावरील तळे हे आसपासच्या प्राण्यांसाठी अनेकदा एकमेव पाणी असते. बिबट्या, भेकर, रानडुक्कर, ससा व साळिंदर हे प्राणी मुख्यतः संध्याकाळनंतर पाण्यावर येतात. काठावर तंबू, दिवे व गाणी असल्यास ते येत नाहीत, आणि माणसे मात्र गडावर वन्यजीव उरले नाहीत असा समज करून घेतात. उथळ पाण्यात बेडकांची अंडी व पिले वाढतात. पावसाळ्याच्या आरंभी या पाण्यात उतरल्यास त्यांचा नाश होतो.

सरपणासाठी तोडली जाणारी कारवी ही साधारणतः सात वर्षांनी एकदा सामूहिकरीत्या फुलणारी वनस्पती आहे. ती धूप रोखते, आणि तिच्या काठ्यांवर डोंगरी गावांतील घरांच्या कुडाच्या भिंती उभ्या राहतात. डिसेंबरनंतर वाळलेल्या गवतामुळे शेकोटीची ठिणगीदेखील वणवा पेटवू शकते. कड्यांवर आग्या माश्यांची मोहोळे असतात. धूर, मोठा आवाज किंवा उग्र सुगंध यांमुळे त्या चवताळून हल्ला करतात. म्हणून शेकोटीऐवजी लहान वायुचूल वापरण्याकडे अनुभवी मंडळींचा कल आहे.

कायदेशीर बाजू

सह्याद्रीतील बहुतेक गड वनक्षेत्रात, संरक्षित स्मारकांत किंवा दोहोंत मोडतात. अभयारण्यात प्रवेशासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगी लागते, आणि धोकादायक रीतीने आग पेटविणे हा गुन्हा आहे. राखीव वनांत भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील निर्बंध लागू होतात. केंद्र-संरक्षित स्मारके सामान्यतः सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात खुली असतात, आणि ठरवून दिलेल्या जागेखेरीज तेथे अन्न शिजविण्यास मनाई आहे. राज्य-संरक्षित स्मारकांना १९६० चा राज्य अधिनियम लागू आहे. २०२५ साली ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांत राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड व साल्हेर यांचा समावेश आहे. मुक्कामाबाबतचे स्थानिक आदेश हंगामानुसार बदलत असल्याने निघण्यापूर्वी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करणे आवश्यक ठरते.

काही प्रमुख जलाशय

हरिश्चंद्रगड (जि. अहिल्यानगर) : हरिश्चंद्रेश्वर मंदिराजवळ सप्ततीर्थ पुष्करणी असून तिच्या एका बाजूस देवकोष्ठे आहेत. जवळच्या केदारेश्वर लेण्यात शिवलिंगाभोवती सदैव पाणी असते. हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पाचनई व खिरेश्वर ही पायथ्याची प्रमुख गावे होत.

राजगड (जि. पुणे) : पद्मावती माचीवर विस्तीर्ण पद्मावती तलाव आहे. पिण्यासाठी मात्र पद्मावती मंदिराच्या परिसरातील टाक्यांचे पाणी वापरतात. तलाव व टाके यांतील विभागणीचे हे ठळक उदाहरण होय.

रायगड (जि. रायगड) : गंगासागर, हत्ती तलाव व कुशावर्त हे येथील प्रसिद्ध जलाशय. गड केंद्र-संरक्षित आहे.

शिवनेरी (जि. पुणे) : येथील गंगा-जमुना टाकी प्रसिद्ध आहेत. हा गडही केंद्र-संरक्षित आहे.

सुधागड (जि. रायगड) : विस्तीर्ण पठारावर तळी असून भोराई देवीचे मंदिर व पंतसचिवांचा वाडा येथे आहे.

प्रश्न आणि संवर्धन

लोकप्रिय गडांवर आठवड्याच्या अखेरीस होणारी गर्दी हा या मुक्कामप्रकारापुढील मुख्य प्रश्न आहे. एकट्यादुकट्या प्रवाशासाठी निर्धोक असलेली सवय शेकडो माणसांनी एकाच रात्री पाळली की साठा नासतो. पुष्करणीत पोहणे, काठावर जेवणावळी उठविणे आणि निर्माल्य टाकणे यांमुळे पूर्वी पिण्याजोगे असलेले पाणी काही ठिकाणी वापरण्याजोगे राहिलेले नाही. त्यामुळे मुक्कामास सरसकट बंदी असावी असे एक मत आहे.

दुसऱ्या बाजूस पायथ्याच्या गावांतील महादेव कोळी, ठाकर इत्यादी समाजांतील अनेक कुटुंबांना मुक्कामी प्रवाशांमुळे वाटाड्या, जेवण व तंबू भाड्याने देणे असा रोजगार मिळतो. पावसाळ्यात धो-धो पाऊस झेलणाऱ्या या गावांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. गडावर दुकान मांडणाऱ्या ग्रामस्थांनाही त्याच टाक्याचे पाणी लागते. म्हणून बंदीऐवजी मुक्कामी संख्येवर मर्यादा, आखून दिलेल्या जागा आणि पाण्यापासूनच्या अंतराचा नियम यांची अंमलबजावणी ग्रामस्थांच्या सहभागाने व्हावी, असा पर्याय मांडला जातो.

टाक्यांतील गाळ काढणे हा संवर्धनाचा दुसरा भाग आहे. दुर्गसंवर्धन करणाऱ्या स्वयंसेवी गटांनी अनेक गडांवर श्रमदानाने टाकी मोकळी केली आहेत. गाळात भांडी, नाणी, तोफगोळे किंवा मूर्ती असण्याची शक्यता असल्याने असे काम पुरातत्त्व विभागाच्या परवानगीने व देखरेखीखाली करावे लागते. गाळ काढल्याने साठा वाढतो. मात्र त्या पाण्याची शुद्धता पुढील पावसापर्यंत काठावर राहणाऱ्यांच्या वागणुकीवरच अवलंबून असते.

हे सुद्धा पहा

सह्याद्री • गिर्यारोहण • हरिश्चंद्रगड • राजगड • नाणेघाट • आज्ञापत्र • नारू